कड कुठे आहे? व्हिडिओ मापनातले शब्द, सोप्या भाषेत

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात मागावर होते. त्यांच्या खिशात घडी घालता येणारं एक पितळी भिंग असायचं. उघडलं की खाली एक इंचाची चौकोनी खिडकी आणि वर छोटी काच. चादरीच्या कापडावर ते ठेवायचं, डोळा लावायचा आणि सुईच्या टोकानं खिडकीतले आडवे धागे एकेक करून मोजायचे. कारखान्यात त्याला पिक ग्लास म्हणत. लहानपणी मी मोजायला बसले की माझा आकडा दरवेळी एकानं इकडेतिकडे व्हायचा. वडील म्हणायचे, "खिडकीच्या कडेवरचा धागा आत धरायचा की बाहेर, ते आधी ठरव. मग मोज."

आता मी चिंचोली एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघते. चादरी-टॉवेलांच्या या गावात आज कॅमशाफ्टपासून पितळेच्या बारक्या बुशपर्यंत (बुश म्हणजे आरपार भोक असलेली छोटी नळी) बरंच काही मायक्रॉनमध्ये मोजलं जातं. आमचे जॉब, म्हणजे मोजायचे सुटे भाग, हरभऱ्याएवढे, कधी ज्वारीच्या दाण्याएवढे. व्हर्नियरच्या जबड्यात ते नीट धरता येत नाहीत, आणि रबराची रिंग धरली तर दाबानं चपटी होते. म्हणून आमच्याकडे व्हीएमएम आहे, म्हणजे व्हिडिओ मेजरिंग मशीन. दरवर्षी आयटीआय किंवा डिप्लोमा करून नवी मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मॅडम, आकडा आलाय की स्क्रीनवर! लिहू का?" त्या मुलांना मी जे समजावते, ते इथं लिहिते आहे.

आधी मायक्रॉन डोक्यात बसवून घ्या. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. जुने टर्नर ज्याला एक थाऊ म्हणतात, तो इंचाचा हजारावा भाग, म्हणजे २५.४ मायक्रॉन. सुतारकामातलं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३१७५ मायक्रॉन होतं. आमच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बहुतेक वेळा दहा-वीस मायक्रॉनचा असतो.

मायक्रोमीटर (स्क्रूच्या जबड्यात धरून मोजायचं हत्यार) जॉबला शिवतो, व्हीएमएम शिवत नाही. ग्रॅनाइटच्या जड पायावर सरकणारं टेबल, टेबलात बसवलेली काच, मागे उभा खांब आणि त्यावर भिंग व कॅमेरा, एवढीच त्याची रचना. टेबल डावी-उजवीकडे सरकतं तो एक्स, पुढं-मागं सरकतं तो वाय, कॅमेरा वर-खाली होतो तो झेड. जॉबची एक कड स्क्रीनवर आणायची, सॉफ्टवेअरनं ती पकडायची, मग टेबल सरकवून दुसरी कड पकडायची. टेबल किती सरकलं हे स्केल सांगते, कड चित्रात नेमकी कुठे होती हे कॅमेरा सांगतो, आणि दोन्ही जोडून माप तयार होतं. म्हणजे चूक शिरायला दोन दारं आहेत. नव्या मुलांचं सगळं लक्ष स्केलवर असतं. माझ्या अनुभवात जास्त चुका कॅमेऱ्याच्या दारानं येतात.

या मशीनचा थोरला भाऊ म्हणजे प्रोफाइल प्रोजेक्टर. अमेरिकेत जेम्स हार्टनेस आणि रसेल पोर्टर यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला स्क्रूचे आटे तपासायला तो तयार केला. जॉबवर प्रकाश टाकायचा, त्याची सावली भिंगातून पडद्यावर मोठी करायची आणि पारदर्शक कागदावर काढलेल्या आकृतीशी ताडून बघायची. पडद्यावरच्या सावलीची कड कुठे संपते, हे तिथं माणसाचा डोळा ठरवत असे. पुढे १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाचा प्रकाश-संवेदक शोधला (त्यासाठी २००९ चं नोबेल मिळालं), आणि हळूहळू डोळ्याची जागा कॅमेऱ्यानं घेतली. ठरवण्याचं काम मात्र संपलं नाही, ते सॉफ्टवेअरकडे गेलं.

स्केलबद्दल थोडं सांगते, कारण तिचं नातं आपल्या गावाशी आहे. टेबलाखाली काचेची एक पट्टी असते. तिच्यावर अतिशय बारीक रेषा असतात, कित्येक स्केलांवर दर २० मायक्रॉनला एक. तिच्यासमोरून तशाच रेषांची एक छोटी काच सरकते. दोन जाळ्या एकमेकींवरून सरकल्या की उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. दोन पातळ ओढण्या एकावर एक धरून हलवा, पाण्यासारख्या लाटा फिरताना दिसतील. याला मोआरे म्हणतात. हा फ्रेंच शब्द मुळात लाटांची झाक असलेल्या रेशमी कापडाचा. उजेड-अंधाराच्या या लाटा मोजल्या की टेबल किती सरकलं ते कळतं, आणि एकेका लाटेचे इलेक्ट्रॉनिक्सनं बारीक तुकडे पाडले की अर्ध्या किंवा एक दशांश मायक्रॉनपर्यंत आकडा दिसू लागतो. त्या सर्वांत लहान दिसणाऱ्या आकड्याला रिझोल्यूशन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून मोठा गैरसमज होतो.

आता कॅमेरा. संवेदकावर चौकोनी घरांची जाळी असते, एकेक घर म्हणजे एक पिक्सेल. समजा संवेदक ६.४ मिलिमीटर रुंद आहे आणि त्या रुंदीत १२८० पिक्सेल आहेत. म्हणजे एक पिक्सेल ५ मायक्रॉनचा. भिंग जर जॉबला ना लहान ना मोठं, आहे तसंच संवेदकावर उतरवत असेल, तर स्क्रीनवर जॉबचा ६.४ मिलिमीटरचाच भाग दिसेल. या दिसणाऱ्या भागाला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. वडिलांच्या पिक ग्लासची एक इंचाची खिडकी म्हणजे त्यांचं फील्ड ऑफ व्ह्यू. भिंग चारपट केलं की खिडकी आक्रसून १.६ मिलिमीटर होते आणि एका पिक्सेलच्या वाट्याला जॉबवरचा १.२५ मायक्रॉन येतो. बारकावा हवा तर खिडकी लहान होणार, खिडकी मोठी हवी तर बारकावा जाणार. दोन्ही एकदम मागणाऱ्या साहेबांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते.

विक्रेते मॅग्निफिकेशनचा आकडा फार उंचावून सांगतात: १५० पट, ३०० पट. तो आकडा बहुधा स्क्रीनसकटचा असतो. १.६ मिलिमीटरचं चित्र ४८० मिलिमीटर रुंद स्क्रीनवर पसरलं की ३०० पट झालं. उद्या दुप्पट रुंद टीव्ही लावला तर ६०० पट होईल, पण मापात एका मायक्रॉनचाही फरक पडणार नाही. विचारायचं असेल तर भिंगाचं स्वतःचं वाढवणं किती आणि एका पिक्सेलला किती मायक्रॉन येतात, ते विचारा.

यानंतर हुशार मुलगा विचारतोच, "मॅडम, पिक्सेल पाच मायक्रॉनचा असेल तर मशीन एक मायक्रॉन कसं मोजतं?" माझा आवडता भाग इथं सुरू होतो. खालून उजेड आहे, जॉबची सावली काळी आहे. कडेला आडवी जाणारी पिक्सेलची एक ओळ घ्या. शून्य म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. ओळीतले आकडे असे येतात: २०, २०, ६०, १८०, २४०, २४०. कड एका रेषेसारखी धारदार नाही, अंधारातून उजेडाकडे जाणारा तो उतार आहे. सॉफ्टवेअर म्हणतं, अंधार २० आणि उजेड २४०, मग मधोमधचा १३० जिथं येईल तिथं कड धरू. १३० हा ६० आणि १८० च्या मध्ये येतो. ६० पासून १३० पर्यंत ७० ची चढण, पूर्ण चढण १२० ची, म्हणजे साधारण ०.५८ वाटेवर. तिसऱ्या पिक्सेलच्या मध्यापासून ०.५८ पिक्सेल पुढे कड आहे. पाच मायक्रॉननं गुणलं की २.९ मायक्रॉन. एका घराच्या आतली जागा अशी सापडते. याला सबपिक्सेल म्हणतात. कडेवर अशा शेकडो ओळी घेऊन त्यांची सरासरी काढली की आकडा आणखी स्थिर होतो.

पण बघा, मधोमधचा १३० आपण ठरवला. ज्याला थ्रेशोल्ड म्हणतात तो हा. वडिलांचं "आत धरायचा की बाहेर" म्हणजे दुसरं काय होतं?

आणि थ्रेशोल्ड ठरवला तरी प्रकाश त्याला हलवतो. एका वर्षी आमच्याकडून ४ मिलिमीटर बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, सहाशे पितळी बुश गेले आणि परत आले. ड्रॉइंगवर बोअर ४.००० ते ४.०१८. आमच्या रिपोर्टवर बहुतेक ४.००६ च्या आसपास, म्हणजे निवांत आत. गिऱ्हाइकाकडे मात्र ४.००० चा गो प्लग गेज, म्हणजे भोकात गेलाच पाहिजे असा तपासणीचा दंडगोल, आतच जाईना. मी परत आलेले बुश घेऊन रात्रभर बसले. मशीनची स्केल बरोबर होती, कॅलिब्रेशनचं (प्रमाणित मापाशी ताडून बघितल्याचं) सर्टिफिकेट ताजं होतं. शेवटी प्रोग्रॅम उघडल्यावर दिसलं की खालच्या दिव्याचा उजेड ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलेला आहे. रात्रपाळीत चित्र अंधुक दिसलं म्हणून कुणीतरी उजेड वाढवला होता. अंधुक दिसत होतं, कारण टेबलाच्या काचेवर तेलाचा थर होता. मी काच पुसली, उजेड पुन्हा ३५ वर आणला आणि तोच बुश मोजला: ३.९९७.

असं का झालं? उजेड फार झाला की पांढऱ्या बाजूचे पिक्सेल २५५ ला जाऊन ठेपतात, त्याच्या वर ते जाऊच शकत नाहीत. उतार मात्र उचलला जातो आणि मधोमधचा आकडा अंधाराच्या बाजूला सरकतो. उजेड सावलीला खातो. त्यामुळे भोक मोठं दिसतं आणि पिन बारीक दिसते. आमच्या बुशला हा खाऊन टाकलेला भाग दोन्ही बाजूंनी मिळून ९ मायक्रॉन होता, आणि टॉलरन्स सगळा मिळून १८. तेव्हापासून उजेडाचा आकडा प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पक्का लिहिलेला असतो आणि त्याला हात लावायचा असेल तर मला विचारावं लागतं.

प्रकाशाचे तीन प्रकार रोज लागतात. खालून येणारा तो बॅकलाइट. आरपार भोकं आणि बाहेरचा आकार यांच्यासाठी तोच सर्वांत विश्वासाचा, कारण सावली म्हणजे सावली. भिंगातूनच सरळ खाली उतरणारा तो कोअॅक्सिअल. सपाट चकचकीत पृष्ठभाग त्याच्यात उजळतो आणि उतरता भाग काळा पडतो, म्हणून बंद तळाच्या भोकाची वरची कड त्यात छान दिसते. भिंगाभोवतीच्या कड्यातून तिरपा येणारा तो रिंग लाइट, खरबरीत पृष्ठभागासाठी आणि कोरलेल्या अक्षरांसाठी. कड्याचे वेगवेगळे भाग सुटे पेटवता येतात. चॅम्फरच्या, म्हणजे तिरप्या कापलेल्या धारेच्या, कडेला एका बाजूनंच उजेड द्या, दुसऱ्या बाजूचा विझवा, मग ती रेघ उमटते. गोल शाफ्ट बॅकलाइटवर मोजताना एक अडचण येते. तिरपे किरण शाफ्टच्या अंगावरून घसरून कॅमेऱ्यात शिरतात आणि कड पुसट होते. त्यासाठी समांतर किरणांचा बॅकलाइट लागतो. आणि 'बर', म्हणजे कापताना कडेला राहिलेला धातूचा बारीक कंगोरा? कॅमेरा या बरला कडच समजतो. मापाआधी जॉब धुवा, पुसा, बर काढा. कापसाचा एक तंतू बोअरमध्ये अडकला तरी व्यासाचा आकडा बदलतो, आणि सोलापुरात कापसाचे तंतू हवेतही असतात.

भिंगाकडे वळू. भिंगाच्या तोंडापासून जॉबपर्यंतच्या मोकळ्या जागेला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. ती कमी असेल तर उंच फिक्स्चरवरचा (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीवरचा) जॉब भिंगाला जाऊन आपटतो. एवढं पुरे. डेप्थ ऑफ फील्ड जास्त महत्त्वाची: जॉब वर-खाली किती हलला तरी चित्र धारदार राहतं, ती खोली. भिंग जितकं जास्त प्रकाश गोळा करणारं, तितके बारकावे अधिक आणि ही खोली कमी. भिंगाच्या या प्रकाश गोळा करण्याच्या ताकदीला न्यूमरिकल अॅपर्चर म्हणतात. ते ०.१ असेल आणि प्रकाश हिरवा, म्हणजे सुमारे ०.५५ मायक्रॉन तरंगलांबीचा असेल, तर साधारण ३ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके ते भिंग वेगळे दाखवूच शकत नाही, आणि खोली साधारण ५५ मायक्रॉन मिळते. यापुढे कितीही पिक्सेल घातले तरी प्रकाशाची ही हद्द ओलांडता येत नाही. निळ्या उजेडाची तरंगलांबी कमी, म्हणून काही मशीनांत बारीक कामाला निळा दिवा वापरतात.

टेलिसेंट्रिक हा शब्द ऐकला की मुलं घाबरतात, पण त्यामागची गोष्ट रोजच्या डोळ्यासमोरची आहे. होटगी रस्त्यावर उभं राहून विजेचे खांब बघा. सगळे सारख्या उंचीचे, तरी लांबचा खांब बुटका दिसतो. साध्या भिंगालाही तसंच दिसतं: जवळचं मोठं, लांबचं लहान. जॉबचा वरचा पृष्ठभाग भिंगाला जवळ, खालचा लांब. एकच व्यास वर मोजला तर एक आणि खाली मोजला तर दुसरा. शिवाय खोल भोकाची आतली भिंत दिसते आणि खरी कड कोणती ते कळत नाही. टेलिसेंट्रिक भिंग फक्त समांतर येणारे किरण घेतं, त्यामुळे त्याच्या मर्यादेत जॉब थोडा वर-खाली झाला तरी आकार बदलत नाही. ते महाग असतं आणि त्याचं तोंड फील्ड ऑफ व्ह्यूपेक्षा मोठं ठेवावं लागतं. जॉब उंच-सखल असेल तर माझ्या मते पैसे तिथं घालावेत, स्क्रीनवर नव्हे.

झूम भिंग असेल तर आणखी एक काळजी. प्रत्येक झूमला पिक्सेलची किंमत वेगळी, म्हणून प्रत्येक पायरीवर वेगळं कॅलिब्रेशन. काचेच्या पट्टीवर क्रोमनं काढलेली वर्तुळं आणि चौकोन असतात, त्यांची मापं सर्टिफिकेटवर दिलेली असतात. ती मोजून सॉफ्टवेअरला सांगायचं की एका पिक्सेलला इतके मायक्रॉन. झूम फिरवल्यावर चित्राचा मध्य थोडा सरकतो, तोही त्यातच दुरुस्त होतो. झूम पायरीवर नीट बसला नाही, दोन पायऱ्यांच्या मध्येच राहिला, तर सगळी मापं सारख्याच प्रमाणात चुकतात आणि ती चूक सहज लक्षात येत नाही.

झेड दिशेचं माप फोकसवरून काढतात. कॅमेरा वरून खाली येतो, प्रत्येक उंचीला चित्र किती धारदार आहे ते मोजतो, आणि धार जिथं सर्वांत जास्त ती उंची धरतो. पॉलिश केलेल्या आरशासारख्या पृष्ठभागावर धरायला काही नसतं, तिथं फोकस भटकतो. उंचीची मापं एक्स-वायइतकी पक्की नसतात, एवढं गृहीत धरून चाला.

कड सापडली, आता आकार. वर्तुळाला तीन बिंदू पुरतात असं शाळेत शिकलो. इथं तीनवर थांबू नका. सॉफ्टवेअर शंभरेक बिंदू घेऊन त्यांच्यातून सर्वांत जुळणारं वर्तुळ बसवतं, त्याला लीस्ट स्क्वेअर्स म्हणतात. भोकात पिन बसणार असेल तर प्रश्न वेगळा: आत मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ कोणतं? पिनेसाठी उलट: तिला बाहेरून वेढणारं सर्वांत लहान वर्तुळ कोणतं? भोक जरा वाकडं असेल तर या पद्धतींचे आकडे वेगळे येतात, आणि प्लग गेजशी भांडण लागतं ते बऱ्याचदा इथं.

छोट्या कमानीचा रेडियस हा तर आमच्या इथला जुना वाद. ५ मिलिमीटर रेडियसची फक्त ३० अंशांची कमान घ्या. तिचा फुगवटा, म्हणजे टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून मधल्या बिंदूची उंची, फक्त ०.१७ मिलिमीटर भरते. त्या उंचीत २ मायक्रॉनची चूक झाली तर रेडियस सुमारे ५७ मायक्रॉननं चुकतो, जवळजवळ अठ्ठावीस पट. इथं मशीनला दोष देऊन उपयोग नाही, इतक्या छोट्या तुकड्यात रेडियसची माहितीच तेवढी आहे. अशा वेळी ड्रॉइंग करणाऱ्याशी बोलून प्रोफाइल टॉलरन्स, म्हणजे रेडियसऐवजी सगळ्या आकारालाच दिलेली फरकाची हद्द, मागावा. ड्रॉइंग बदलून घ्यायला क्वालिटीच्या माणसानं संकोच करू नये.

आता तो राहिलेला गैरसमज. स्क्रीनवर चार दशांशांपर्यंत आकडा दिसला, म्हणजे मशीन तेवढं अचूक, असं लोक धरून चालतात. रिझोल्यूशन म्हणजे दिसणारा सर्वांत लहान फरक. रिपीटेबिलिटी म्हणजे तोच जॉब दहा वेळा मोजल्यावर आकडे किती जवळजवळ येतात. अचूकता म्हणजे ते आकडे खऱ्या मापाच्या किती जवळ आहेत. पाच मिनिटं पुढं असलेलं घड्याळ सेकंदाचा काटाही दाखवतं आणि रोज बरोबर पाच मिनिटंच पुढं असतं. आमचे ते सहाशे बुश ८० टक्के उजेडात दहा वेळा मोजले असते तर दहाही वेळा ४.००६ आले असते.

अचूकतेची हमी कंपन्या एमपीई या रूपात देतात, म्हणजे जास्तीत जास्त मान्य चूक. लिहितात असं: २ अधिक लांबी भागिले २००, उत्तर मायक्रॉनमध्ये, लांबी मिलिमीटरमध्ये. १०० मिलिमीटरच्या मापाला २.५ मायक्रॉन, ३०० ला ३.५. लांबीबरोबर चूक वाढते, कारण टेबल लांब गेलं की ते किंचित डुलतं. त्यातून येणारी चूक एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्येच सांगून ठेवली: मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एका रेषेत असावी. आमच्या मशीनमध्ये स्केल खाली आणि जॉब वर. दोघांत १०० मिलिमीटरचं अंतर असेल आणि टेबल फक्त १० विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) झुकलं, तर जवळपास ५ मायक्रॉन गेले. जॉब उंच फिक्स्चरवर ठेवला की हे अंतर आणखी वाढतं, म्हणून शक्य तेवढा खाली ठेवा. कॅमेऱ्याच्या मशीनांची ही तपासणी कशी करायची, ते आयएसओ १०३६०च्या सातव्या भागात आहे. तो २०११ चा. विक्रेत्याच्या कागदावर हा क्रमांक आहे का, एवढं तरी बघून घ्या. जॉब काचेवर तिरका टेकला तरी माप कमी भरतं. एका अंशाचा तिरकेपणा १०० मिलिमीटरला १५ मायक्रॉन खातो.

यानंतर ऊन. सोलापूरला त्याचं वेगळं सांगायला नको. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात, तसं १९३१ पासून ठरलेलं आहे. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा एका अंशाला सुमारे १.१५ मायक्रॉन वाढतो, अॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मे महिन्यात शॉपमध्ये ४० अंश असताना लेथवरून उचललेला पोलादी जॉब २३ मायक्रॉन जास्त लांब, अॅल्युमिनियमचा ४६. तो गरम जॉब एसी खोलीत आणून लगेच मोजला, तर मशीन खोटं बोलत नाही, जॉबच त्या क्षणी तेवढा असतो. आम्ही जॉब ग्रॅनाइटच्या थंड प्लेटवर पसरून ठेवतो, छोट्याला अर्धा तास, मोठ्याला दोन तास. दुपारी वीज गेली आणि एसी बंद पडला तर मापन थांबवायचं, हा माझा नियम आहे आणि डिस्पॅचवाल्यांना तो आवडत नाही.

एवढं सगळं केल्यावरही एक उरतं, त्याला अनिश्चितता म्हणतात. उजेड, उष्णता, स्केल, माणूस यांचं थोडं थोडं मिळून तयार होणारं कुंपण. बोअर ४.०१७ आला आणि अनिश्चितता २ मायक्रॉन असेल, तर खरं माप ४.०१५ ते ४.०१९ मध्ये कुठेही असू शकतं, आणि वरची हद्द आहे ४.०१८. आम्ही हद्दीपासून २ मायक्रॉन आतच थांबतो. मशीन निवडताना साधा अंदाज असा की त्याची चूक टॉलरन्सच्या दहाव्या भागात बसावी. तीन माणसं, दहा जॉब, प्रत्येकी तीनदा मोजून काढतात त्या गेज आर अँड आरमध्येही (आकड्यांतला किती फरक मोजण्याच्या पद्धतीमुळेच येतो, ते सांगणारी चाचणी) १० टक्क्यांखाली चांगलं, ३० टक्क्यांवर नापास असाच प्रघात आहे. व्हीएमएमवर तो बिघडला तर माणसाला ओरडण्याआधी फिक्स्चर बघा. जॉब दरवेळी वेगळा बसत असतो.

माझ्या टेबलावर आता दोन वस्तू असतात. एक वडिलांचं पितळी भिंग, आणि दुसरा ४ मिलिमीटरचा रिंग गेज, म्हणजे नेमक्या भोकाचं प्रमाणित कडं, ज्याचं माप सर्टिफिकेटवर ४.००१२ लिहिलेलं आहे. सकाळी आल्यावर आधी काच स्पिरिटनं पुसायची, दिवा वीस मिनिटं तापू द्यायचा, उजेड ३५ आहे ना ते बघायचं आणि हा गेज मोजायचा. आकडा वहीत लिहायचा, तारखेसह. काल नव्या मुलाला ४.००१४ आला. त्यानं लिहायच्या आधी विचारलं, "मॅडम, कड कुठली धरली ते दाखवू का?" मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.